आपला फोटो आपणच काढावा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजवर मी या मंडळात सतरंज्या घालण्याचे आणि हळदीकुंकू देण्याचे काम केले. बोलावयास उभी राहिले ती आजच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यालच. घरच्या घरी, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने, कोणाची मदत न घेता आपला चांगला फोटो कसा काढावा, हे मी आज सांगणार आहे.

कोणी म्हणेल, हा काय बाई विषय झाला! पण स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी प्रत्येकीचा फोटो मागितला, तेव्हा कितीजणींपाशी तो होता? कोणी लग्नातला दिला, कोणी बारशाच्या घोळक्यातून कापून दिला. पुरुषांचे फोटो नोकरीच्या निमित्ताने तरी निघतात. आपण फोटोच्या वेळी पंगतीत वाढत असतो. माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा भिंतीवर लावावयास त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी एका मुंजीच्या फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. त्यात त्या मान वळवून कोणाला तरी जेवायला बोलावीत आहेत आणि त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच बाईचा पदर आला आहे. ज्यांनी जन्मभर घर सांभाळले, त्यांचे डोळे कसे होते हे माझ्या मुलांना त्या फोटोवरून सांगता येत नाही.

“या वयात फोटोची हौस कशाला?” असे घरातले विचारतात. पण ही हौस फार जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस या गृहस्थाने १८३९ साली आपल्या दुकानामागे कॅमेरा मांडून स्वतःचाच फोटो काढला. त्याच देशात शिकागोला व्हिव्हियन मायर नावाची बाई दुसऱ्यांची मुले सांभाळून पोट भरीत असे. आरशात, दुकानांच्या काचांत दिसणारे आपले रूप तिने कितीदा तरी टिपून ठेवले. तिच्या फोटोंच्या पेट्या २००७ साली लिलावात निघाल्या आणि २००९ साली ती वारली. त्यानंतर तिचे नाव जगभर झाले. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला जे साधले, ते आपल्याला आपल्या घरात का साधू नये?

आता कृती सांगते. घरोघरी मोबाईल आल्यापासून जुना छोटा कॅमेरा कपाटात पडून असतो. तो काढावा, बॅटरी चार्ज करावी, काच मऊ सुती कापडाने हलकेच पुसावी. सकाळी ९ च्या सुमारास किंवा दुपारी ४ नंतर, जिथे थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडावी. खिडकीपासून दोनतीन फुटांवर, तिच्याकडे एक गाल करून बसावे. खिडकी पाठीमागे घेऊ नये. चेहरा काळाठिक्कर पडतो. ट्यूबलाईट बंद करावी, नाहीतर चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडतो. दुसऱ्या गालावर सावली फार वाटली, तर त्या बाजूच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकावी. तिच्यावरून उजेड परतून गालावर येतो.

फ्लॅश बंदच ठेवावा. त्यासाठी विजेच्या बाणावर काट असलेली खूण असते. फ्लॅशने कपाळ तेलकट दिसते आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते.

कॅमेरा टेबलावर डबे रचून डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. खाली तांदळाची लहानशी पुरचुंडी घातली की तो हलत नाही आणि हवा तसा कलतो. हात लांब करून फोटो काढू नये. चारपाच फूट दूर बसून थोडा झूम करावा. अगदी जवळून घेतले, तर नाक काचेला जवळ आणि कान दूर, म्हणून नाकच मोठे दिसते. मोबाईलवर काढलेल्या फोटोत आपण आपल्याला ओळखू येत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मग घड्याळासारखी खूण शोधावी. तिने बटन दाबल्यावर १० सेकंदांनी फोटो निघतो. येथे एक युक्ती आहे. पुष्कळ साधे कॅमेरे बटन दाबतानाच समोरच्या वस्तूवर नजर ठरवतात. तेव्हा तुमची खुर्ची रिकामी असते आणि मागची भिंतच स्पष्ट येते. म्हणून खुर्चीवर नक्षीची उशी उभी ठेवावी. कोऱ्या उशीवर कॅमेऱ्याची नजर ठरत नाही. बटन दाबून जावे, उशी काढावी आणि तिच्याच जागी बसावे. दिवा भराभर लुकलुकू लागला की श्वास सोडावा, खांदे सैल करावे आणि थेट काचेत पाहावे. चष्मा असेल, तर त्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलाव्या, म्हणजे काच चमकत नाही.

सावळ्या भगिनींना मुद्दाम सांगते, पावडर थापू नका. पांढरी भिंत किंवा पांढरे लुगडे समोर आले की कॅमेरा सगळेच अंधारे करतो. दोष आपल्या रंगाचा नव्हे. भिंत फिकी, मातकट रंगाची घ्यावी, अंगावर गडद साधी साडी असावी आणि कॅमेऱ्यात अधिक-उणेची खूण असेल, तर ती अधिककडे एक पायरी सरकवावी.

पूर्वीच्या रोलमध्ये ३६ फोटो बसत, म्हणून हात आखडता घ्यावा लागे. आता पंचवीसतीस काढले तरी खर्च नाही. पहिल्या पाचसहा फोटोंत आपण शाळा तपासणीला बसल्यासारख्या दिसतो. मन रमले की पुढचे आपोआप नीट येतात. त्यांतला आपल्याला आवडेल तो निवडावा, लोकांना आवडेल तो नव्हे. तो कागदावर छापून घ्यावा. ४ × ६ इंचांच्या फोटोला २-३ मेगापिक्सेलही पुरतात, त्यामुळे जुना कॅमेरा चालतो. मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहावे, कारण पुढच्या पिढीला दोन्ही लागतात.

कोणाला कॅमेऱ्यातली खूण सापडली नाही, तर दर शनिवारी दुपारी मंडळात मी असते; कॅमेरा घेऊन यावे. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत आपल्या प्रत्येक सभासद भगिनीपाशी तिचा स्वतःचा, तिनेच काढलेला एक फोटो असावा, एवढीच माझी विनंती आहे.