बदललेले एंजिन आणि काळा धूर



जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनात मूळ एंजिनाला मान असतो. संसारी माणसाला मात्र जुने एंजिन झिजले म्हणजे दुसरे बसवून मोटार चालती ठेवावी लागते. अशी मोटार काळा धूर ओकू लागली, की दोष नव्या एंजिनाच्या माथी मारला जातो आणि हजारो रुपये खर्चून ते उघडले जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार होय.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलाचे प्रमाण याहून वाढले, की न जळलेल्या इंधनाची काजळी होते. म्हणून प्रथम धुराचा रंग पाहावा. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर आणि प्लगवरील कोरडी काजळी पेट्रोलाचा अतिरेक दर्शविते.

मग साध्या गोष्टी तपासाव्या. एअर फिल्टर तुंबला आहे काय? एंजिन तापल्यावर चोक पूर्ण उघडतो काय? कार्ब्युरेटरातील फ्लोट छिद्र पडून बुडत तर नाही ना? हे सारे निर्दोष ठरले, तर एंजिन आणि गाडी यांच्या सोयरिकीकडे वळावे. इंजेक्शनच्या गाडीतील विजेचा पंप कार्ब्युरेटरला जोडला असेल, तर त्याचा दाब सुमारे दसपट असतो. फ्लोटची सुई तो थोपवू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडते. दुसऱ्या एंजिनासाठी निवडलेले जेटही येथे मोठे ठरू शकतात. एंजिन इंजेक्शनचे असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे काय, ते पाहावे. उन्हाळ्याच्या धास्तीने तो काढून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मग पाणी लवकर तापत नाही, आणि नियंत्रक यंत्र एंजिन थंडच आहे असे समजून पेट्रोल वाढवीत राहते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व मोटार चालवून पाहावी. तीन भाग एकदम बदलले, तर धूर कदाचित थांबेल. पण कशाने थांबला, ते कळणार नाही.

विलंब मात्र नको. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइल धुऊन नेते आणि चांगले एंजिन खरोखरच झिजते. शिवाय या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, प्राणघातक वायू पुष्कळ असतो. म्हणून ही परीक्षा गॅरेजात न करता मोटार उघड्यावर आणून करावी.

एंजिनाला दोषी ठरविण्यापूर्वी त्याला काय आणि किती पाजले जात आहे, एवढे अवश्य पाहावे.