उतारवय आणि कामांतील समाधान



या महोत्सवाचीं कामें वांटतांना आमच्या हातून एक चूक घडली, ती प्रथम सांगतों. मंडप, भोजन, हिशेब हीं सर्व कामें आम्हीं तरुणांस दिलीं आणि साठीपुढील मंडळींचीं नांवें सत्काराच्या यादींत घातलीं. यांत अनादर नव्हता. आपण त्यांना विसांवा देत आहों असेंच आम्हांस वाटलें. यादी वाचून दाखविल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले व म्हणाले, "फादर, शाल नको. मले काम सांगा."

या गृहस्थांचें आयुष्य परतवाड्याच्या लाकूडबाजारांत गेलें. मेळघाटचा साग येथें उतरतो, हें आपणांस ठाऊकच आहे. ओंडक्यावर थाप मारून आंतील पोकळी आवाजावरून ओळखणें, गांठ कोठवर गेली असेल हें पाहून करवत कशी चालवावी तें ठरविणें, हें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. तरी अखेरचीं कांहीं वर्षें त्यांना आरा-मशीनच्या फाटकाशीं बसविण्यांत आलें. मजुरी तीच होती. कोणी वाईट बोललें नाहीं. "बाबा, तुम्ही बसा," एवढेंच म्हणत. "पण ओंडका कापायच्या आधी मले कोनी इचारतच नव्हतं," असें ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प राहिले.

हात थकतात म्हणून कामांतील गोडी जाते, असें आपण धरून चालतों. आमच्या मतें पुष्कळदां गोडी अगोदर जाते आणि हात मागून थकतात. लोकांनीं म्हातारा ठरविलें कीं मनुष्य स्वतःसही तसाच मानूं लागतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, स्वतःच्या वार्धक्याकडे आशेनें पाहणारे लोक इतरांपेक्षां सरासरी ७.५ वर्षें अधिक जगल्याचें दिसून आलें.

राज्य सरकारचे बहुतेक नोकर ५८ व्या वर्षीं निवृत्त होतात. तो आकडा कचेरीच्या सोयीचा. पण बाजारांत त्यानेंच माणसाचें मोल होऊं लागतें. आम्हां धर्मगुरूंस मात्र ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणें ७५ वर्षें पूर्ण झाल्यावर राजीनामा सादर करावयाचा असतो. पन्नाशी ओलांडलेले आम्ही अद्याप तरुणांतच मोडतों! मजुरास ही सवलत कोण देतो?

यादी आम्हीं बदलली. मंडपाच्या बल्ल्या त्या गृहस्थांच्या स्वाधीन केल्या. त्याच सायंकाळीं ते एकेक बल्ली ठोकून पाहत होते. दोन त्यांनीं बाजूस काढल्या. आणि खांब रोवणारीं मुलें काम थांबवून, त्या कां काढल्या, हें त्यांना विचारीत होतीं.