वयात येण्यापूर्वीचे शिक्षण
(शिक्षक व पालक यांच्यासमोरील व्याख्यानाचा मजकूर)



शेतकरी पेरणीपूर्वीच जमिनीची मशागत करून ठेवतो. मुलांच्या वाढीच्या बाबतीत मात्र घरोघरी याच्या उलट घडते. मुलीला प्रथम पाळी येते, ती घाबरते, आणि मग तिला काही सांगितले जाते. तेही पुष्कळदा एवढेच, की आता चार दिवस दूर बसावयाचे.

पहिली पाळी सामान्यतः ९ ते १६ या वयात केव्हाही येते. म्हणून मुलगी चौथी-पाचवीत असतानाच आईने अथवा शिक्षिकेने तिला समजावून सांगावयास हवे. गर्भाशयात दर महिन्यास एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ न राहिल्यास ते रक्तावाटे बाहेर पडते. यात रोग नाही आणि विटाळही नाही. आरंभीची दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होऊ शकते. मात्र रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, किंवा सोळावे वर्ष लागूनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. वापरलेले कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. पावसाळ्यात त्यावर इस्त्री फिरवावी. लाजेपोटी ते अंधाऱ्या कोपऱ्यात दडपून ठेवल्याने जंतुसंसर्गाचे भय असते. शाळेच्या स्वच्छतागृहास कडी व पाणी असणे ही याच शिक्षणाची दुसरी बाजू होय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. शाळेत व अंगणवाडीत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी त्यासाठीच असते. नाचणी, कुळीथ व हिरवी पालेभाजी आहारात असावी. जोडीला लिंबू किंवा आवळा घ्यावा, आणि जेवणालगत चहा टाळावा.

मुलांनाही या शिक्षणाची तितकीच गरज आहे. आवाज फुटणे, मिसरूड येणे, झोपेत वीर्यपात होणे ही निरोगी वाढीची लक्षणे होत. हे कोणी न सांगितल्यामुळे मुलगा ‘धातू जातो’ या धास्तीने भोंदू वैदूच्या दारी जातो आणि पैसा व मनःस्वास्थ्य दोन्ही गमावतो. पाळीविषयी जाणणारा मुलगा वर्गभगिनीची थट्टा करीत नाही, हाही लाभ लहान नव्हे.

लवकर विवाहाचा प्रश्न याहून गंभीर आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीस १८ व मुलास २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तरीही उपर्युक्त सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. कोवळ्या वयात कटिभागाची वाढ पुरी झालेली नसते. प्रसूती अडण्याचा, झटके येण्याचा व कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. शाळा सुटते ती बहुधा कायमची.

सांगितल्याने मुले बिघडतील, ही शंका नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्याबद्दल त्यांना टीका व खटले सोसावे लागले. अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे, की अशा शिक्षणामुळे लैंगिक व्यवहार वाढत नाही. घर व शाळा गप्प राहिली तरी मुले अज्ञानी राहत नाहीत. हातातील मोबाईल त्यांचा शिक्षक होतो, आणि तो खऱ्याखोट्याचा विवेक शिकवीत नाही.

१० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून एक शिक्षक व एक शिक्षिका यांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. अशा शिक्षकांनी हा धडा वगळून पुढे जाऊ नये. मुलींशी शिक्षिकेने, मुलांशी शिक्षकाने बोलावे. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न मागवावेत आणि प्रत्येकाचे साधे उत्तर द्यावे. नको असलेला स्पर्श कोणीही केला, मग तो घरातील का असेना, तर तो लपवू नये, विश्वासू वडीलधाऱ्यांस किंवा १०९८ या क्रमांकावर सांगावा, हेही मुलामुलींना ठाऊक असावे. पालकांनी आरोग्यसेविकेस शाळेच्या सभेस बोलवावे.

मुलाने प्रश्न विचारला, की ‘गप्प बैस’ म्हणणे सोपे असते. परंतु एकदा गप्प केलेले मूल संकटाच्या वेळीही गप्पच राहते. ते बोलते राहावे, एवढ्यासाठी वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःचा संकोच सोडावयास हवा.