अभयदान आणि आहारदान : शालेय भोजनातील प्रथिनांचा विचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आष्टी येथे झालेले व्याख्यान)



जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या ताटात यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या दानाची गाठ पडते. मुक्या जीवाला अभय मिळावे आणि बालकाचे पोषणही व्हावे, ही दुहेरी कसोटी श्रावकापुढे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली ही केंद्रीय योजना २०२१ पासून 'पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखली जाते. तिच्या मानकानुसार पाचवीपर्यंतच्या बालकास प्रतिदिन १२ ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. लहान मुलांसाठी १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. एवढ्या तांदळातून सात-आठ आणि डाळीतून सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. तांदळात लायसीन कमी असते, ती उणीव डाळ भरून काढते. म्हणजे शुद्ध शाकाहारी वरणभातानेही हे मान साधते. मात्र वरण पाण्यासारखे झाले, तर कागदावरचे १२ ग्रॅम ताटात उतरत नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांस केळे किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबवून तो खर्च लोकसहभागातून करण्यास सांगण्यात आले. अंडे टळले म्हणून अनेकांनी समाधान मानले असेल. परंतु येथे हिशेब अपुरा राहतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक. केळ्याने व्रत राखले जाते, प्रथिनांची उणीव मात्र तशीच राहते.

उपाय दूर नाही. ३० ग्रॅम फुटाणे किंवा २५ ग्रॅम शेंगदाणे जवळजवळ सहा ग्रॅम प्रथिने देतात. मोड आलेले कडधान्य अनंतकाय मानून वर्ज्य करणाऱ्या घरांतील मुलांना मोडाविना उकडलेला हरभरा चालतो. तूर, हरभरा आणि सोयाबीन ही तर याच मातीची पिके. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली महात्मा गांधींनी सोयाबीनचे आहारप्रयोग करविले होते, हेही स्मरणीय आहे.

ज्या घरी अंडे चालते, तेथील बालकाच्या ताटातून ते काढून घेणे हे श्रावकाचे व्रत नव्हे. अनेकान्ताची शिकवणही तशी नाही. लोकसहभागाची हाक आलीच आहे, तर समाजाने शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा मूठभर फुटाण्यांची जबाबदारी घ्यावी. असा संकल्प झाला, तर सुवर्णमहोत्सवाचे अभयदान आहारदानाने पूर्ण होईल.

जय जिनेंद्र!