ओसरी कोणाची?
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, जमिनीच्या कागदांशी संबंध आला आणि घरे कशी दुभंगतात ते जवळून पाहिले. त्यावरच चार शब्द बोलतो.

संसदेच्या २०१९ च्या कायद्याने दिल्लीत एक राष्ट्रीय लवाद केंद्र स्थापन झाले. आज त्याचे नाव भारत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र. मोठ्या करारांतले तंटे इथेच सुटावेत, सिंगापूर किंवा लंडन गाठावे लागू नये, हा हेतू. केंद्र स्वतः निवाडा देत नाही. जाणकारांची यादी, नियम आणि कामकाजाची व्यवस्था पुरवते. लवादाबरोबर मध्यस्थीची सोयही तिथे आहे.

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. तो बंधनकारक असतो आणि मोजक्याच कारणांवर त्याला कोर्टात आव्हान देता येते. मध्यस्थ निवाडा देत नाही. तोडगा दोघांनीच काढायचा, तो फक्त तिथवर नेतो. व्यापारात लवाद ठीक. भावाभावांत मध्यस्थ बरा, कारण पुढच्या चवथीला एकाच माटोळीखाली बसायचे असते.

मोपाच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. काजूच्या जमिनीला भाव आला आणि घरोघरी जुने कागद पेटीतून बाहेर निघाले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. भूसंपादनाची भरपाई किती, हा विषय २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थीच्या बाहेर ठेवला आहे. तो कायद्याच्या ठरल्या मार्गानेच जातो. पण आलेली रक्कम घरात कशी वाटायची यावर हिस्सेदारांचे एकमत झाले, तर ते निवाड्यात नोंदले जाते. एकमत नसेल तर वाद पुढे जातो आणि पैसे अडकून पडतात.

एका घरची गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. तीन भाऊ, दोन बहिणी. वडिलांच्या काळी पंचांनी ओसरीवर बसून तोंडी वाटणी केलेली. पंच वारले, आणि प्रत्येक भावाला वेगळी हद्द आठवू लागली. बहिणींना तर कोणी विचारलेच नव्हते. गोव्याच्या कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. धाकटी बहीण म्हणाली, "सह्या करायला बोलावता, बोलायला कधी बोलावणार?"

शेवटी एका निवृत्त गुरुजींनी पाचही भावंडांना, सुना-जावयांसकट एकत्र बसवले. चार बैठका झाल्या. मूळ घर आणि गणपतीची खोली सामाईक राहिली, बाकीचे वाटले गेले. कागद वकिलाकडून तपासून रीतसर नोंदवला. यंदा पाचही कुटुंबे मूळ घरी आली होती.

पूर्वीचे सगळे पंच निःपक्षपाती होते, असे मात्र मी म्हणणार नाही. भाटकार-मुंडकाराच्या तंट्यात ओसरी बहुधा भाटकाराचीच असे. म्हणून मध्यस्थ निवडताना आधी विचारावे, याचा या वादात काही फायदा आहे का? जिथे मारहाण किंवा धाक असेल तिथे मध्यस्थी नको. सरळ पोलिसांकडे जावे.

गावात असा माणूस नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे लोक अदालतीत आपसात मिटलेला वाद दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते.

आपल्या मंडळाने पुढच्या वर्षी उत्सवात एक दुपार यासाठी राखून समितीच्या लोकांना बोलवावे, एवढीच विनंती. आणि घरी वाटणीचा विषय निघाला, तर त्या दिवशी बहिणीला आधी फोन करा.

गणपती बाप्पा मोरया!