मॉर्फीन आणि त्याच्या जोडीची औषधे



माळव्यात नीमच-मंदसौरकडे फाल्गुनाच्या सुमारास अफूच्या बोंडांना चिरा देऊन चीक काढतात. त्यापासूनच मॉर्फीन मिळते. लागवडीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, अफूचा सरकारी कारखाना नीमचला. तरीही त्याच मुलखातील कर्करोगाचा रुग्ण रात्र रात्र तळमळत राहतो, हे दैवदुर्विलसितच म्हणावयाचे.

घरच्या मंडळींना भय वाटते ते असे, की आज मॉर्फीन दिले तर उद्या ते लागू पडणार नाही. शरीराला या औषधाचा सराव होतो, हे खरे. परंतु सराव म्हणजे व्यसन नव्हे. शिवाय मात्रा वाढवावी लागते ती पुष्कळदा रोग बळावल्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्या सांगितल्या: प्रथम पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, नंतर कोडीन, अखेरीस मॉर्फीन. वरच्या पायरीवर गेल्यावरही साधे औषध चालू ठेवता येते. त्याचा मार्ग निराळा असल्यामुळे मॉर्फीन कमी पुरते.

अफूवर्गातील एका औषधाचा सराव झाला म्हणून दुसऱ्याचाही तितकाच होतो, असे नाही. म्हणून डॉक्टर कधी औषध बदलतात, आणि बदलताना हिशेबाने येणारी मात्रा चतुर्थांश ते निम्म्याने घटवितात. काही तज्ज्ञ मॉर्फीनबरोबर अल्प मेथॅडोन देतात. सराव वाढविणारा मज्जातंतूंचा एक मार्ग ते अडविते. प्राण्यांवरील प्रयोग आशादायक असले तरी माणसांविषयीचा पुरावा तोकडा आहे. मेथॅडोन शरीरात फार काळ रेंगाळते, त्यामुळे हे काम अनुभवी हातांचेच.

प्रत्येक जोडी जुळतेच असेही नाही. मॉर्फीन नियमित घेणाऱ्यास पेंटाझोसीन टोचले तर ते मॉर्फीनला हुसकावते आणि वेदना उसळते. झोपेची गोळी वा मद्य यांची जोड तर श्वासच मंदावते. बद्धकोष्ठाला मात्र शरीर सरावत नाही; सारक पहिल्या दिवसापासून हवे.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फीनसाठी अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली.

घरात एक वही ठेवावी. औषध किती वाजता दिले, किती दिले, आराम किती तास टिकला, हे शाळेत जाणारे मूलही लिहू शकेल. पुढची मात्रा डॉक्टर त्या वहीवरून ठरवितात.