पुढली तारीख

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आज जेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच आवारात प्रभात फिल्म कंपनीचा कारखाना होता, आणि युरोपात महायुद्धाला तोंड फुटले त्या १९३९ सालीच तिचा ‘माणूस’ हा बोलपट पडद्यावर आला. त्यातले ‘कशाला उद्याची बात’ हे गीत अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची आणि कंठ शांता हुबळीकरांचा.

हे गीत म्हणजे उद्याच्या भीतीवरचा उतारा. असा उतारा म्हणून आजवर असंख्य गाणी बाजारात आली. पण त्यांतली पुष्कळशी भ्यालेल्या माणसाला भिऊ नकोस असे बजावतात, म्हणजे तापकऱ्यास ताप उतरविण्याचे फर्मान काढण्यापैकीच तो प्रकार. येथे तसा हुकूम नाही. व्ही. शांतारामांच्या या चित्रपटात हे गीत गाणारी मैना ही बदनाम वस्तीतली स्त्री असून, समोर बसलेल्या नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांची मर्जी राखण्यासाठी ती मराठीतून गुजराती, बंगाली, तमिळ अशी भाषांमागून भाषा बदलीत जाते. बेफिकिरी हा तिचा विक्रीचा माल. स्वतःच्या उद्याची धास्ती मात्र तिला एवढी, की गणपत हा पोलीस शिपाई लग्नाचे विचारतो तेव्हा, त्याच्या घरंदाज संसारात आपल्याला जागा कोठली, या शंकेने ती पाऊल मागे घेते.

मला वाटते, या गाण्याचे बळ ह्या विसंगतीतच आहे. भीतीच्या खटल्यात ते निर्दोष सुटकेचा निकाल देत नाही, केवळ पुढली तारीख देते. आणि ज्यांनी दिवाणी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांना विचारावे, तहकुबीच्या रात्री झोप किती गाढ लागते! शिवाय गाताना श्वास झटकन घ्यावा लागतो आणि सोडताना तो ओळ संपेतो पुरवावा लागतो. अशा दीर्घ उच्छ्वासाने नाडी मंदावते, हे शरीरशास्त्रासही मान्य आहे. प्रवचन ऐकणाऱ्याला ही सवलत नाही.

मैनेची तारीख अखेर लागतेच. आपल्या मामाच्या खुनापायी ती तुरुंगात जाते आणि गणपतने देऊ केलेली सुटका नाकारते. हुबळीकरबाईंनी उतारवयात आत्मचरित्र लिहिले, तेव्हा सगळ्या कालच्याच गोष्टी सांगणाऱ्या त्या पुस्तकालाही त्यांनी याच गाण्याचे नाव दिले.